सव्वा महिन्याची मजुरी कोणी द्यायची?



आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना पाळतात. पहिलं बाळंतपण माहेरी. अंगाला तेल, पाठीला शेक, खायला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर. त्या सव्वा महिन्यात तिनं हंडा उचलायचा नाही, वाकून काम करायचं नाही. हे आजी-पणजीपासून चालत आलेलं आहे. बाळंतिणीचं अंग भरून यायला वेळ लागतो, हे बायकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं.

यातला पैशाचा हिशेब मात्र आपण सहसा मांडत नाही. सव्वा महिना ती कामावर गेली नाही म्हणजे तिची मजुरी बुडाली. वर तूप, खोबरं, खारीक यांचा खर्च. हा भार माहेरानं उचलला. आणि ज्या माहेरात दाणेच नव्हते? त्या लेकीचा सव्वा महिना बाराव्या दिवशीच संपायचा. बारसं झालं की ती खुरपं घेऊन बांधावर. म्हणजे विसावा सगळ्यांना मान्य होता, पण तो ज्याच्या घरात ऐपत त्यालाच मिळायचा.

आज आम्ही तुम्हाला याच हिशेबाचा इतिहास सांगणार आहोत. बाळंतपणाची पगारी रजा आपल्या देशात कशी आली, ती कोणी मागितली, ती वाढत कशी गेली आणि आपल्यातल्या बहुतेकींपर्यंत ती अजून का पोचली नाही, हे पाहू. या गोष्टीत दोनच प्रश्न पुन्हा पुन्हा येतील, ते लक्षात ठेवा. पहिला, रजेचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार? दुसरा, बाईचं नाव कोणाच्या वहीत आहे?

गोष्ट सुरू होते मुंबईच्या गिरणगावात. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. या बाया कोकणातून, साताऱ्याहून, पुण्या-कोल्हापूरकडून आलेल्या. रीळ खातं आणि वाइंडिंग खातं ही त्यांची खाती. त्यांच्यावर देखरेखीला नायकीण असे. कामावर घेणं आणि काढणं बरंचसं तिच्या हातात. दिवस भरत आले तरी बाई गिरणीत उभी असायची, कारण घरी बसली तर मजुरी बंद. बाळंत होऊन परत यायचं तर जागा राहिलेली असेलच, याची खात्री नाही. पुन्हा लागायचं तर वरच्या माणसाला दस्तुरी द्या.

१९१९ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. पहिलं महायुद्ध संपून एक वर्ष झालं होतं. त्याच सुमारास त्याच शहरात निरनिराळ्या देशांतल्या कामकरी बायकांचीही वेगळी परिषद झाली. कामगार परिषदेनं बाळंतपणाबद्दल एक करार मंजूर केला. त्यात बाळंतपणाआधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे रजा होती, आणि त्या काळात आईचं आणि बाळाचं नीट भागेल एवढे पैसे होते. हे पैसे सरकारी तिजोरीतून किंवा विम्याच्या फंडातून द्यावेत, असंही त्यात लिहिलं होतं. एकेका मालकानं आपल्या गल्ल्यातून द्यावेत, असं म्हटलेलं नव्हतं. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

भारतात तेव्हा इंग्रजांचं राज्य. हा करार भारतानं स्वीकारला नाही. आधी इथल्या कामकरी बायकांची पाहणी करा, एवढंच ठरलं. त्यातून मुंबई सरकारनं डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. त्या १९२२ च्या सुमारास गिरणगावातल्या चाळींतून हिंडल्या. एकेका खोलीत दाटीवाटीनं राहणारी कुटुंबं त्यांनी पाहिली, अगदी बाळंतपणाच्या दिवसापर्यंत कामाला जाणाऱ्या बाया पाहिल्या. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली. आई गिरणीत गेली की तान्हं बाळ दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देत, आणि हे बहुतेक घरांत चाले. मैत्रिणींनो, त्या आया निर्दय नव्हत्या. घरी थांबायचं तर चूल बंद, आणि बाळाला घेऊन गिरणीत जायचं तर तिथे पाळणाघर नाही. यातून त्यांनी जो मार्ग काढला त्याची किंमत लेकरांनी भरली.

नारायण मल्हार जोशी हे नाव कामगार चळवळीत मोठं आहे. त्यांनी १९२४ साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाचं विधेयक मांडलं. ते नामंजूर झालं. मग हा विषय मुंबईच्या कायदेमंडळात आला. १९२८ साली आर. एस. आसवले या सभासदांनी गिरण्यांतल्या बायकांसाठी विधेयक आणलं. ते वर्ष साधं नव्हतं. मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून संपानं बंद होत्या आणि तो संप ऑक्टोबरपर्यंत चालला. पुढच्याच वर्षीच्या संपात उषाबाई डांगे यांच्यासारख्या बाया कामगार स्त्रियांना घेऊन रस्त्यावर उतरल्या.

२८ जुलै १९२८ रोजी या विधेयकावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांच्या बोलण्याचा मुद्दा आपण आपल्या शब्दांत समजून घेऊ. त्यांचं म्हणणं असं, की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे सगळ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारनं उचलला पाहिजे. पण मालकालाही हात झटकता येणार नाहीत. पुरुषांऐवजी बायका कामाला लावण्यात मालकाचा जादा फायदा असतो, म्हणून काही वाटा त्याच्याकडूनही घेणं रास्त आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाला, म्हणजे पैसे कोणाच्या खिशातून जाणार याला, त्यांनी असं सरळ उत्तर दिलं होतं.

१९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. भारतातला अशा प्रकारचा हा पहिला प्रांतिक कायदा. बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार, अशी सात आठवड्यांची रजा. रोजचे जास्तीत जास्त आठ आणे. अट अशी, की आधी सहा महिने त्याच कारखान्यात काम झालेलं पाहिजे. ४९ दिवसांचे आठ आण्यांनी साडेचोवीस रुपये होतात. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतातही असा कायदा झाला, म्हणजे नागपूरच्या गिरण्यांतल्या बायकाही त्यात आल्या.

मोठी गोष्ट घडली होती, यात शंका नाही. ज्या सव्वा महिन्याचा भार आजवर माहेर उचलत होतं, तो कायद्यानं पहिल्यांदा कारखान्याच्या हिशेबात लिहिला. पण एक गाठ राहून गेली. पैसे सरकार देणार नव्हतं, विम्याचा फंडही नव्हता. प्रत्येक मालकानं आपापल्या बाईला द्यायचे होते. बाबासाहेबांनी जो भार वाटून घ्यायला सांगितला होता, तो सगळा एकाच खांद्यावर आला. आणि त्या खांद्यानं तो झटकायच्या वाटा शोधल्या.

त्या वाटा कोणत्या, ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेमलेल्या रेगे समितीच्या पाहणीत पुढे आलं. बाईला दिवस गेल्याची चाहूल लागली की तिला कामावरून कमी करायचं. घेतानाच शक्यतो बिनलग्नाच्या, विधवा किंवा वय झालेल्या बाया घ्यायच्या. बाईच नको, पुरुष घ्या, हा तर सोपा मार्ग. मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण पुढच्या काळात घसरतच गेलं. त्याला नवी यंत्रं, बायकांना रात्रपाळीची बंदी अशी आणखीही कारणं होती. सगळा दोष या एका कायद्यावर टाकणं बरोबर नाही. पण बाई कामाला ठेवणं महाग पडतं, ही समजूत मालकांच्या मनात बसली, ती आजही पुरती गेलेली नाही.

यावर उपाय काय? आपल्या बचत गटातल्या बायांना तो लगेच कळेल. गटात आपण सगळ्या महिन्याला थोडे थोडे पैसे टाकतो. अडचण एकीवर येते तेव्हा भार सगळ्यांवर वाटला जातो, त्यामुळे कोणी एक मोडून पडत नाही. बाळंतपणाच्या रजेचंही असंच करता येतं. सगळ्या मालकांनी, कामगारांनी आणि सरकारनं एका फंडात पैसे भरायचे, आणि बाई बाळंत झाली की त्या फंडातून तिला मिळायचे. मग एका मालकाकडे दहा बाया असोत की एकही नसो, त्याचा हिशेब बाईच्या पोटाकडे बघून बदलत नाही.

प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडेच होतं. त्या अहवालाच्या पायावर १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. ही योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबईत आली. आज त्यात मालक पगाराच्या सव्वातीन टक्के भरतो आणि कामगार पाऊण टक्का. बाळंतिणीला पैसे विमा महामंडळ देतं. ज्या कारखान्यांत ही योजना लागू आहे, तिथे १९१९ च्या वॉशिंग्टनमधला विचार निदान काही प्रमाणात उतरला, असं म्हणता येईल.

ज्यांना विमा लागू नव्हता, त्यांच्यासाठी १९६१ साली देशभराचा मातृत्व लाभ कायदा झाला. रजा १२ आठवड्यांची झाली. गर्भपात झाला तर सहा आठवडे पगारी रजा, हेही त्यात आहे. गरोदर बाईला त्या रजेच्या काळात कामावरून काढता येत नाही. आधी वर्षभरात १६० दिवस काम झालेलं असण्याची अट होती, ती १९८८ मध्ये ८० दिवसांवर आणली. २०१७ मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा २६ आठवडे झाली. तीन महिन्यांच्या आतलं मूल दत्तक घेणाऱ्या आईला १२ आठवडे मिळाले. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी घेतलेल्या आहेत.

सात आठवड्यांपासून २६ आठवड्यांपर्यंत यायला ८८ वर्षं लागली. मोठा पल्ला आहे. पण जिथे विमा नाही तिथे या २६ आठवड्यांचा सगळा पगार पुन्हा एकट्या मालकानंच द्यायचा आहे. १९२९ ची ती गाठ तशीच आहे.

आता दुसरा प्रश्न. वहीत नाव कोणाचं?

१९६१ चा कायदा कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेली दुकानं-आस्थापनं यांच्यासाठी. दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाणारी बाई त्यात नाही. घरी विड्या वळणारी, पापड लाटणारी, शिवण करणारी बाई बहुतेक वेळा त्यात येत नाही, कारण ती कोणाची कामगार आहे हेच कुठे लिहिलेलं नसतं.

वहीत नाव लागलं की काय होतं, याची एक गोष्ट दिल्लीची आहे. तिथल्या महानगरपालिकेत रस्त्याच्या कामावर, खड्डे खणायला रोजंदारीच्या बाया होत्या. त्यांची नावं मस्टरवर होती, कित्येकींनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. पण पालिका म्हणे, बाळंतपणाची रजा कायम नोकरीतल्या बायकांना, तुम्हाला नाही. त्यांच्या संघटनेनं दाद मागितली. ८ मार्च २००० रोजी, म्हणजे नेमक्या महिला दिनी, सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की रोजंदारीवरच्या बाईलाही हा हक्क आहे. कायम नोकरी आहे की रोजंदारी, यावरून आई होण्याचं दुखणं कमी-जास्त होत नाही. मैत्रिणींनो, त्या बायांच्या बाजूनं सगळ्यात मोठा पुरावा होता तो मस्टरचा.

आणि नाव नसलं की काय होतं, हे पाहायला लांब जायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याच बायका बघा. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत, आणि बाईचं वेगळं नाव कुठेच नाही. एक दिवस काम चुकलं की खाडा. मजुरी बुडते आणि वर दंड कापला जातो. पाळीचा त्रास असो, दिवस गेलेले असोत, खाडा चुकत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. सरकारनं नेमलेल्या समितीनं ८२,००० हून अधिक बायकांची माहिती घेतली, तेव्हा १३,००० हून अधिक बायकांची पिशवी काढलेली निघाली. लहान वयातली लग्नं, जड मोळ्या, फडावर पाण्याची आणि संडासाची सोय नसणं, खाजगी दवाखान्यांतली घाई अशी कारणं त्यामागे आहेत. पण त्यांत खाड्याची भीतीही आहे. रजा नसली की तिची किंमत शरीराला द्यावी लागते. शंभर वर्षांपूर्वी ती अफूच्या गोळीनं तान्ह्या लेकरांनी दिली, आणि आज या बाया देत आहेत.

सरकारनं असंघटित बायकांसाठी काहीच केलं नाही, असं मात्र नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. त्यातून सरकारी नोकरीतल्या आणि दुसरीकडून असाच लाभ मिळणाऱ्या बायका वगळल्या आहेत. त्यासाठी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, आणि दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये. कायदा प्रत्येक बाळंतपणाचं बोलतो, योजना मात्र पहिल्या बाळावर आणि दुसऱ्या मुलीवर थांबते. आता हिशेब करू. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. ५,००० रुपये त्यावर वाटले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपयेही होत नाहीत. समजा मजुरी ३०० रुपये धरली, तर तेवढ्याच दिवसांचे ५४,६०० होतात. एका बाईला २६ आठवड्यांचा पूर्ण पगार आणि दुसरीला दिवसाला सत्तावीस रुपये. दोघींच्या अंगाला लागणारा विसावा मात्र सारखाच.

मग करायचं काय? महाराष्ट्राकडे याचं उत्तर शोधायची जुनी सवय आहे. १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमाल आज एका व्यापाऱ्याचं पोतं उचलतो, उद्या दुसऱ्याचं, मग त्याचा मालक कोण? कायद्यानं मंडळ नेमलं, सगळ्या व्यापाऱ्यांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेतली आणि हमालाची नोंद मंडळात केली. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला. वर्षात ९० दिवस काम केलेल्या बाईला तिथे नोंदणी करता येते आणि नोंदणी असेल तर बाळंतपणासाठी मदत मिळते. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठीही गाळपाच्या प्रत्येक टनामागे साखर कारखान्यांनी १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलेलं आहे. तिन्ही ठिकाणी विचार एकच आहे, की मालक बदलत असला तरी फंड एक ठेवता येतो. त्यात बाळंतपणाची पूर्ण मजुरी भरून द्यायची की नाही, हे आपल्या मागणीवर अवलंबून आहे.

एक गोष्ट पुरुषांचीही. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला १५ दिवसांची रजा मिळते. खाजगी नोकरीतल्या बापासाठी देशभर लागू होणारा कायदा अजून नाही. बाळंतपणाचा सगळा खर्च बाईच्या नावावर लिहिला जातो तोवर मालक बाईलाच महाग म्हणणार. रजा बापालाही असली तर ते म्हणणं थोडं तरी ढिलं पडेल, आणि सव्वा महिन्यात हंडा कोणी उचलायचा, याचंही उत्तर घरातच मिळेल.

हा इतिहास आम्ही सांगितला तो गटाच्या बैठकीत उपयोगी पडावा म्हणून. पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. गावातल्या कोणकोणत्या बाया कोणाकोणाकडे, किती दिवस कामाला जातात, याची वही गटानं स्वतः ठेवा. बांधकामावर जाणाऱ्या बायांच्या ९० दिवसांची नोंद लावा आणि त्यांची नोंदणी करून घ्या. पहिलटकरणीचा आणि दुसरी मुलगी झालेल्या आईचा मातृ वंदनेचा अर्ज अंगणवाडीत भरला गेला का, ते विचारा. तोडीला जाणाऱ्या बायांनी मुकादमाच्या वहीत आपलं नाव वेगळं लिहायला सांगा, आणि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा लावू नये, असा ठराव ग्रामसभेत मांडा.

साडेचोवीस रुपयांचा तो पहिला कायदासुद्धा कोणी आपण होऊन दिलेला नव्हता. आधी पाहणी झाली, एक विधेयक पडलं, दुसरं आलं, सहा महिन्यांचा संप झाला, तेव्हा कुठे तो वहीत लिहिला गेला. आपल्या मजुरीचा हिशेब अजून लिहायचा आहे, आणि वही आपल्या गटाकडे आहे.